ढोलपथकाची लाळ

प्रिय सौमित्र,

‘प्रिय’ सवयीने लिहिलं गेलं. असू दे. नेपरव्हिलमध्ये सकाळपासून बर्फ पडतोय, मी सुट्टी टाकलीय आणि फार दिवसांनी मला छान वाटतंय.

ह्यूस्टनच्या लॅबमधले आपले दिवस आठवतात? लग्नाचा हॉलसुद्धा बघून ठेवला होता आपण. अंतराळात माणसाची प्रतिकारशक्ती ढिली पडते आणि लहानपणच्या कांजिण्यांचा, अंगात झोपून राहिलेला विषाणू जागा होऊन लाळेत उतरतो. तो किती उतरतो, ते आपण मोजत होतो. अंतराळवीरांच्या लाळेच्या नळ्या मी सांभाळल्या. तुलनेसाठी जमिनीवरच्या वीस निवांत माणसांची लाळ तू आणायची होतीस. तू काय केलंस? ऐन गणपतीत तिथल्या मराठी मंडळाचं ढोलपथक गाठलंस, सगळे एकाच हॉलमध्ये सापडतात म्हणून! नोकरी करून रोज चार तास सराव, झोपेचं खोबरं झालेली माणसं ती. ताणाने त्यांचेही विषाणू जागे झालेले. मी ईमेल करून बजावलं होतं, या नळ्या फेक, जानेवारीत पुन्हा घे.

मग बाबा गेले. मी सांगलीला गेले आणि व्हिसा सात महिने अडकला. तेवढ्यात तू त्याच नळ्यांवर पेपर छापलास, स्वतःच्या एकट्याच्या नावावर. फोन केला तर म्हणालास, शेवटी तू टीममध्ये नव्हतीसच ना. मी रडले नाही रे. दातओठ खात बसले.

आणि निष्कर्ष काय, तर अंतराळवीरांत आणि जमिनीवरच्यांत फारसा फरक नाही! तुझ्या भरवशावर एक कंपनी चार प्रवाशांना विषाणूवरच्या गोळ्यांशिवाय वर पाठवायला निघाली होती. तिथे कुणाला त्याच विषाणूची नागीण उठली असती तर? त्यांची काळजी वाटली, हे खरं. पण खोटं कशाला बोलू, तुझी जिरवायला मिळणार याचा आनंद त्याहून मोठा होता.

तो ईमेल आणि माझ्या वहीची पानं मी गेल्या महिन्यात कंपनीच्या डॉक्टरांना आणि जर्नलच्या संपादकांना पाठवली. गोळ्या पुन्हा सामानात गेल्या. काल तुझा व्हॉइसमेल आला. दुरुस्ती छापू, तुझं नाव पहिलं घालू, संपादकांना थांबव, म्हणालास. हे पत्र त्याचं उत्तर. मी कुणालाही थांबवणार नाही. पेपर मागे घेतल्याची नोटीस शुक्रवारी निघतेय आणि तिच्यात फक्त तुझं नाव आहे. माझं गाळलंस, त्याबद्दल मनापासून आभार.

एके काळी तुझीच,
मंजुषा