आनंदीबाईंचा गुडघा आणि दोन ओळींची दुरुस्ती

मिरजोळे, रत्नागिरी
बुधवार

आदरणीय महेंद्रमामांस,
स्नेहलचा सविनय जयभीम.

तुमची शुगर ताब्यात असेल, निदान मामी ती ताब्यात ठेवत असतील, असं धरून चालते. आई बरी आहे. मीही बरी आहे असं लिहिणार होते, पण गेले आठ दिवस ताट अर्धं टाकूनच उठते (आईला वाटतं, कुणी स्थळ नाकारलं).

झालं असं. एका मशीनवरच्या फायली नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवर पोचवणारं आमच्या कंपनीचं सॉफ्टवेअर इथल्या एका दवाखान्यात एक्स-रे बघायला वापरतात. गेल्या मंगळवारी मांडवीच्या आनंदीबाई गुडघा दाखवायला गेल्या, आणि पडद्यावर त्यांच्या नावाखाली कुणाची तरी छाती आली. डॉक्टरांनी लगेच ओळखलं. आनंदीबाईंनी मात्र तिथूनच आम्हाला फोन लावायला लावला आणि मला विचारलं, "बाय, माझा गुडघा कुणाकडे गेला?" मामा, मला हसू आलं नाही. गुडघ्याच्या जागी छाती आली म्हणून कळलं. छातीच्या जागी दुसऱ्याची छाती आली असती तर?

चूक सापडायला चार दिवस गेले. फाईल पाठवताना मध्येच कनेक्शन तुटलं, की कोडचा एक भाग तिची मेमरी मोकळी करतो, पण दुसऱ्या भागाला त्याचा पत्ताच नसतो. तो तिथूनच वाचत राहतो. तेवढ्यात तिथे दुसऱ्या पेशंटचं चित्र येऊन बसलं, की तेच पाठवून देतो. हे मुद्दाम घडवायला मी नेटवर्कची वायर उपसत-खोचत बसले (वॉचमन दोनदा विचारून गेला, काय बिघडलंय म्हणून). एकशे बेचाळीस वेळा काही नाही. एकशे त्रेचाळिसाव्या वेळी माझ्या खोट्या पेशंटच्या हाताच्या जागी कवटी आली आणि मी खुर्चीसकट मागे सरकले.

उपाय दोन ओळींचा: वाचणाऱ्याचं काम संपेपर्यंत मेमरी सोडायची नाही. लिहायला दहा मिनिटं लागली, आणि तेव्हापासून भीती दुप्पट झाली. समजा ती कधी सुटलीच नाही, मेमरी भरत गेली आणि ऐन ऑपरेशनच्या वेळी सगळंच बंद पडलं तर? पुन्हा सातशे वेळा वायर काढली. सगळं नीट. आमच्या मुख्य ज्ञानेश्वरीताई म्हणाल्या, "अगो, झालं ना? मग दे लावून." मी म्हटलं, उद्या. असे तीन उद्या झाले. तोवर दवाखान्यात एकेक चित्र दोघं जण नावाशी ताडून बघतायत, आणि ते माझ्यामुळे.

तुमची,
स्नेहल

ता.क. १ : मुद्द्याचं वर लिहायला धीर झाला नाही. मेमरी मोकळी करणारी ती ओळ तुमची आहे. तुम्ही या कंपनीत होतात तेव्हाची, पंधरा वर्षांपूर्वीची तारीख, तुमचं नाव, आणि वर शेरा: "इथे हात लावू नये." मी कुणाला बोलले नाही. पण का लावू नये ते तुम्हालाच माहीत, आणि मी लावलाय. (फोनवर ओरडाल, म्हणून पत्र.) माझ्या दोन ओळी वेगळ्या कागदावर जोडल्यात. बघून "बरोबर आहे" एवढं कळवा, म्हणजे मी चालू करते.

ता.क. २ : पाकीट चिकटवत होते, तेवढ्यात ज्ञानेश्वरीताई सांगून गेल्या की त्यांनी ते सोमवारीच दवाखान्यात चालू केलंय. "तुला सांगितलं असतं तर तू रजाच टाकली असतीस," म्हणाल्या. दोन दिवसांत एकशे दहा एक्स-रे झाले, एकही चुकला नाही. तरी तुमचं "बरोबर आहे" मला लेखी हवंच. फक्त तारीख रविवारची घाला.