हात ओळखण्याचा खेळ

शुक्रवार, संध्याकाळ

प्राचीच्या डोळ्यांवर मी रुमाल बांधत होते आणि ती खिदळत होती. मुर्री गावात फौजींच्या मुलांचा वर्ग आम्ही दोघी चालवतो, कुंदाताई आणि मी. आज प्राचीचा बाप वर्षाने सुट्टीवर आला, तिला न कळवता. खेळ कुंदाताईंनी काढला. पुरुषांची रांग, पोरीने हात चाचपून बाप ओळखायचा, आम्ही मोबाइलवर व्हिडिओ काढायचा. रांग भरायला तिला शाळेत नेणारा ऑटोवालाही उभा केला.

"तुझे बाबा आले, वळख," कुंदाताई म्हणाल्या.

तिने बापाचा हात धरला, दाबून पाहिला, सोडून दिला. शेजारच्या ऑटोवाल्याचा मात्र धरूनच ठेवला.

"हेच बाबा."

"पोरीनं बाप बदलवला जी," मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीही हसले बहुतेक.

रुमाल सोडला, तेव्हा बापाचा हात अजून पुढेच होता.

"काऊन वं, मले विसरली का?"

"ऑटोवाले मामा रोज हात धरून ऑटोत चढवते ना," ती रडवेली झाली. "तोच वळखीचा लागला."

कुंदाताई म्हणाल्या, पुन्हा घेऊ. मी पुन्हा रुमाल बांधला. का बांधला? या वेळी सैल बांधला. ती थेट बापापाशी गेली. टाळ्या पडल्या. त्याचा हात तेव्हा खिशात होता.

शनिवार, सकाळ

बापाने तिचा शाळेचा ऑटो बंद केला. प्राची त्याच्या मागे पायी शाळेत गेली.