कॉलरचा फर्मा

४ मार्च
अपील फेटाळलं. का, तर माझ्या बाजूचा लेखी युक्तिवाद मुदतीत कोर्टात गेलाच नाही! जजसाहेबांनी माझं म्हणणं वाचलंच नाही – वाचायला समोर काही असायला हवं ना. आता एकतीस तारखेपर्यंत दुकान खाली करायचं. सव्वीस वर्षं शिवणकाम केलं त्या जागेत. मी हलणार नाही.
कामात लक्ष नाही. कापडावर ठेवून कापायचा कागदी फर्मा नवा असूनही कॉलर वाकडी कापली गेली.

५ मार्च
वकील कोण, तर ताईचा मुलगा. घरचाच म्हणून कधी मागे लागले नाही, तेच नडलं. आज त्याच्या ऑफिसात जाऊन चांगलं धारेवर धरलं. म्हणतो, "मावशी, कागद तुझ्या सहीला आणले होते. तू गिऱ्हाइकाचं माप घेत होतीस, म्हणून टेबलावर ठेवून गेलो. सही करून आणशील म्हणून थांबलो."
थापा मारतोय. माझ्या टेबलावरून कागद जातील कुठे? माझ्या दुकानात सुई हरवत नाही.

७ मार्च
दुकान पालथं घातलं. कपाट, मशीनचा खण, चिंध्यांची पोती. काही नाही. म्हणजे आणलेच नव्हते.
ताईचा फोन – "पोराला सांभाळून घे गं." म्हटलं, त्याने मला सांभाळलं का? तिने फोन ठेवला.

१० मार्च
दुसऱ्या वकीलबाईंना भेटले. अपील पुन्हा उघडेल म्हणाल्या, पण एकाच अटीवर – चूक वकिलाची, अशिलाची नाही, हे त्याने स्वतः प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायचं.
लाज गुंडाळून गेले त्याच्याकडे. त्याने पेनचं टोपण काढलं. म्हणाला, "देतो लिहून, मावशी. चूक माझीच." वाद घातला नाही.

१९ मार्च
अपील उघडलं! दुकान तूर्त माझं. त्याला मात्र जजसाहेबांनी भर कोर्टात झापलं, वर चौकशी लावली. सहा महिने वकिली बंद होईल म्हणतात. ताईने दार उघडलं नाही. नको उघडू दे. त्याला अद्दल घडायलाच हवी होती.

२० मार्च
शाळेच्या साठ शर्टांचं काम आलं. मशीनला तेल दिलं. हात झपाझप चालतोय.

२२ मार्च
कॉलर कापायला खिळ्यावरचा फर्मा काढला. गेल्या महिन्यात टेबलावरच्याच जाड, पाठकोऱ्या कागदातून कापलेला. हातातून निसटून उलटा पडला. मागे छापलंय – "अपील करणाऱ्याची सही", खाली रिकामी रेघ. कफ, खिसे, सगळे फर्मे त्याच कागदांचे. सगळं दुकान शोधलं, खिळ्याकडे बघायचं सुचलं नाही.
त्या रेघेवर आत्ता सही केली. उद्या आधी ताईकडे जायचं, मग हे फर्मे घेऊन कोर्टात. दुकान गेलं तर गेलं.