ओठ फाटला

मेडनहेड, मंगळवार संध्याकाळ

युरोपभरच्या एअर ट्रॅफिक कंट्रोलरांसाठी आम्ही बनवतोय त्या सॉफ्टवेअरची आज ट्रायल होती. माझ्या कोडने टकरीचा इशारा उशिरा दिला आणि स्क्रीनवर दोन विमानं एकमेकांवर आदळली. मी हसून म्हणालो, "इट्स ओन्ली सिम्युलेशन."

चाचणीला बसलेला पीटर, आयुष्यभर खरी विमानं सांभाळलेला कंट्रोलर, उठला. हेडसेट माझ्या तोंडावर फेकला, कॉलर धरून मला भिंतीवर आपटलं. ओठ फाटला.

"दोन्ही विमानांतली माणसं मेली आणि तू हसतोस?" तो ओरडला.

मॅनेजरने पीटरविरुद्ध तक्रारीचा फॉर्म दिला. ओठ अजून ठणकतोय. मी का हसलो? घाबरून?

फॉर्ममध्ये इशारा किती उशिरा आला तेवढंच लिहिलं. पीटरचं नाव नाही लिहिलं.