राखणदाराला फ्रान्सची वाईन

रविवार, माघ. संध्याकाळ.

हिचा गुडघा बरा, माझा खोकला उतरणीला, कपिला गाय चारा खाते. आणि सायली, आमची नात, तू तिकडे फ्रान्सात कशी आहेस गो? वेळेवर जेवतेस ना? तिला नोकरीत कायम ठेवायचं की नाही ते ती काम करते त्या द्राक्षमळ्याच्या मालकीणबाई या आठवड्यात ठरवणार. जीव टांगणीला लागलाय.

त्या द्राक्षमळ्याची लाल वाईन तिने मैत्रिणीबरोबर धाडली. तीन जातींच्या द्राक्षांची वाईन वेगवेगळी मुरवायची, मग चाखत चाखत एकत्र करायची. यंदा कुठली किती घालावी, हे आमच्या पोरीलाही विचारलं म्हणे! तिचं एकच मागणं: आजोबा, बाटली राखणदाराला द्या.

काजूच्या बागेत, आमची जमीन राखणाऱ्या देवाच्या, राखणदाराच्या दगडापाशी गेलो, तर ही म्हणते, "तेका आपली माडाची माडी होयी. ह्यां लाल पाणी चलात?"

आमच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणं घालायला आलेले बाबी गावकर हसले. "वैनी, तां चलात. पण ह्येची हद्द व्हाळाच्या पाण्यापर्यंत. चेडू ऱ्हवता फ्रान्सात!"

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आता काय, बाटली परत न्यायची?

बाबींनी थोडा विचार केला, वाईन दगडापुढे ओतली नि हात जोडले. "बा म्हाराजा, थंयच्या मळ्याच्या राखणदाराक तूच निरोप धाड. आमच्या चेडवाक सांभाळ म्हणान सांग."

"व्हय म्हाराजा!" हिचाच आवाज मोठा.

मन हलकं झालं. होईल तिचं काम, वाटतंय खरं. पण निरोप धाडला तो कुणाच्या नावे? सायली, तुमचा मळा कोण राखतं ते तिथल्या म्हाताऱ्यांना विचार, आणि लवकर कळव गो.