चष्मा एक, खाटा दोन

३ फेब्रु.
जालन्याच्या दवाखान्यात आठवा दिवस. शाळेची रजा वाढवली. चुलीपाशी मायचा पदर पेटला, डावा हात नि मांडी भाजली. ड्रेसिंग रोज दहाला. चिकटलेली पट्टी ओली करून सोडवतात, तरी सोबत कातडं येतंच. माय ओरडत न्हाई. उजव्या हातानं खाटेची सळई धरते नि माझ्याकडं बघते. मी भिंतीकडं.

४ फेब्रु.
डॉ. मॅडमनी डब्याएवढा काळा चष्मा आणला. डोळ्यांना बांधायचा. आत चित्र, मान वळवली की तिकडचंही दिसतं. म्हणल्या, मन तिकडं गेलं की दुखणं कमी जाणवतं. इंजेक्शन चालूच. बर्फाचा डोंगर लावला. माय आधी घाबरली. मंग एकदम,
"अगं, एवढं रान मोकळं नि मेंढरू एक न्हाई!"
लहानपणी बापामागं मेंढरं घेऊन हिंडलेली ती. सिस्टरला हसू आलं. पट्टी निघाली, मायनं सळई धरली न्हाई. मी बाहेर जाऊन रडले.

६ फेब्रु.
शेजारच्या खाटेवर काल भोकरदनची पोर आल्ती, सात-आठ वर्षांची. उकळत्या डाळीनं दोन्ही पाय... तिचंही ड्रेसिंग दहालाच. वेळ बदला म्हणलं तर ड्रेसिंगवाले दोघं नंतर ऑपरेशनला जातात. चष्मा एकच. मी सकाळीच सिस्टरला गाठलं. "आमचं म्हातारं माणूस आहे, आधी आम्हाला द्या." दिला.
पडद्यापलीकडं पोर ओरडून राह्यली होती. नंतर तिच्या आईनं माझ्याकडं एकदा बघितलं.

७ फेब्रु.
मायनं मधेच चष्मा ओढून काढला.
"लेकरू रडून राह्यलं. त्याला द्या."
म्हणलं, माय, तुझी अर्धी पट्टी बाकी आहे.
"डोळे झाकले म्हणून कान झाकतात का, बाई?"
पलीकडं नेला. पोरीच्या डोक्याला ढिला, आईनं दोन्ही हातांनी धरून ठेवला. रडणं थांबलं न्हाई, पण उतरलं.
इकडं माय ओरडली. बारा दिवसांत पहिल्यांदा. मी घाईनं तिचा हात धरला. तो भाजलेलाच निघाला.

८ फेब्रु.
दुसरा चष्मा मिळंल का? डॉ. मॅडम : "मागितलाय. बघू."
दुपारी मायनं विचारलं, "त्या दिशी तूच आधी मागितला ना?"
हो म्हणले.
"बराबर केलं. लेकीनं तेच करावं. पण मी आता घालणार न्हाई."
हात जोडले, रागावले, शपथ घातली. बिलकुल ऐकत न्हाई.

९ फेब्रु.
मांडीला दुसऱ्या पायाचं कातडं लावावं लागंल म्हणतात. म्हणजे दोन्ही पायांना पट्ट्या. मायला अजून सांगितलं न्हाई.
सकाळी पोरीची आई स्वतः आली. "ताई, आज मावशींना घालू द्या. आमची सोसंल." पोर तिच्यामागं खाटेवर बसून आमच्याकडं बघत होती. मायनं तोंड फिरवलं.
पावणेदहा. ट्रॉली दारात आली. चष्मा दोन खाटांच्या मधल्या स्टुलावर. कुणीच हात लावत न्हाई.