लाल गाडीची हौस

कळंब,
१४ ऑक्टोबर २०२४

चि. युवराजला आईचे आशीर्वाद.

पुण्याची हवा लई विसराळू दिसते. गेल्या खेपेला चष्मा विसरलास, आता दसऱ्याला यायचं विसरलास. सांगतेय म्या, लिहितेय शिवराजची लेक हर्षाली. अक्षर चांगलं असलं तर तिचं, बोलणं वाकडं असलं तर माझं.

सगळे खुशाल. सोयाबीन निघालं. पूजा तू फोनवर सांगितलीस तशी केली. तुझ्या अप्पांच्या लाल गाडीला मोठा हार, हर्षालीच्या पांढऱ्या गाडीला लहान. मग तुझा दरवर्षीचा हुकूम, आईला लाल गाडीतून येडेश्वरीला न्या, तिची हौस आहे. चौघांनी ढकलली तेव्हा सुरू झाली. शिवराज चालवायला. दोनच सीटा, वर टप न्हाय, बसलं की गुडघे हनुवटीला. येरमाळ्याच्या अलीकडं चढावर तिनं मान टाकली.

मागून हर्षाली येत होती. तिनं आम्हाला दोघांना आपल्या गाडीत घेतलं. पाय लांब झाले, पदर जाग्यावर राह्यला आणि माझ्या तोंडून निघालं, "सुटले बाई."

शिवराज म्हणाला, "आई, तुला लाल गाडी आवडत न्हाय व्हय? दादा तर तुझ्यासाठीच सांभाळतोय."

"आणि म्या त्याच्यासाठी."

हसून हसून हर्षालीला गाडी कडेला घ्यावी लागली.

आता खरं सांगते. अप्पांनी ती हैदराबादहून आणली, मला बसवून गावाला फेरी मारली आणि विचारलं, "कसं वाटलं?" डोळ्यांत धूळ, कंबरेत कळ. पण त्यांचं तोंड बघून म्हणले, "लई झ्याक." तेवढ्यावर चाळीस वर्षं बसत आले. शेवटी शेवटी त्यांनाच त्यातून उठवायला दोघं लागायचे. गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, "हिची हौस आहे, द्यायची न्हाय."

हे देवीपुढं उभी असताना आठवलं. काय मागावं तेच सुचेना.

तर सोलापूरचा तो माणिकप्पा, जुन्या गाड्या गोळा करणारा, परत विचारतोय. त्याला देऊन टाक. त्याला ती खरंच आवडते. भोंगा तेवढा म्या काढून ठेवलाय. तो दोन वळणं आधी ऐकू यायचा, मी तवा चुलीवर ठेवायचे. तो मात्र पहिल्यापासून आवडायचा.

आणि खरं बोलायलाच बसलेय तर ऐक. बाकरवडी पाठवू नकोस, ती मला चावत न्हाय, उगं छान म्हणत होते. आंबाबर्फी पाठव, मऊ बघून.

तुझी आई
द्वारकाबाई (अंगठा)